गजर वाजला, पण गोळी घेतली का?

रात्रीचे आठ वाजले की डोंबिवलीतील आमच्या परिचयाच्या एका घरात मोबाइल किंचाळू लागतो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, बाहेरच्या खोलीत मालिकेचा आवाज आणि डोक्यावर पंख्याची घरघर. या साऱ्यातून तो गजर आजींच्या कानापर्यंत पोहोचला तर त्या ओल्या हाताने मोबाइल उचलतात. पडद्यावर दोन बटणे असतात. एक हिरवे, एक तांबडे. त्यांवरील इंग्रजी अक्षरे चष्म्याशिवाय दिसत नाहीत. आजी हाताला येईल ते बटण दाबतात. आवाज थांबतो. जेवणाआधी घ्यायची मधुमेहाची गोळी डब्यातच राहते. नऊच्या सुमारास त्यांच्या मनात शंका येते, ‘मी गोळी घेतली की नाही?’ आता पुन्हा घ्यावी तर दोनदा होण्याची भीती, न घ्यावी तर साखर वाढण्याची.

त्याच आठ वाजता कल्याणकडे निघालेल्या लोकलमधील महिलांच्या डब्यात त्यांची नात उभी असते. तिच्या मोबाइलमध्येही तेच ॲप आहे. किंबहुना आजीच्या मोबाइलमध्ये ते तिनेच घालून दिले. तिला फिट येऊ नये म्हणून रोज रात्री आठला गोळी घ्यावी लागते. पूर्वी तिचाही मोबाइल वाजत असे. मग एकदा गोळीचे नाव पडद्यावर ठळकपणे झळकले आणि शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने ते मोठ्याने वाचले. त्या दिवसापासून तिने सूचना बंद करून टाकली. ती गोळी लक्षात ठेवून घेते; म्हणजे बहुतेक वेळा घेते. फिटच्या औषधात ‘बहुतेक वेळा’ पुरेसे नसते, हे तिलाही ठाऊक आहे.

ॲप एक, घर एक, औषधाची वेळही एक. तरीही आजीसाठी गजर पुरेसा स्पष्ट नाही आणि नातीसाठी तो नको तितका उघड आहे. औषधाची आठवण करून देणारे साधन सर्वांना उपयोगी पडेल असे कसे घडवायचे, हा प्रश्न या दोघींमधील अंतराएवढा आहे. अशी साधने आज शेकड्यांनी उपलब्ध आहेत. त्यांतील बहुसंख्य साधनांनी आठवण म्हणजे ठरल्या वेळी आवाज, एवढाच अर्थ धरलेला दिसतो.

औषधे चुकण्याचा प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दीर्घकालीन उपचारांसंबंधी एक अहवाल प्रसिद्ध केला होता. विकसित देशांतही जुनाट आजारांचे रुग्ण सरासरी निम्म्याच प्रमाणात उपचारांचे नीट पालन करतात, विकसनशील देशांत हे प्रमाण आणखी कमी असते, असे त्यात नमूद होते. यातील सारेच विसरतात असे नाही. कोणाला औषध परवडत नाही, कोणाला त्याने मळमळते, कोणाला ‘आता बरे वाटते’ म्हणून ते नकोसे होते. अशांच्या उशाशी कितीही गजर लावले तरी उपयोग शून्य. पण जो खरोखर विसरतो, त्याच्या विसरण्याचीही एक तऱ्हा असते.

मानसशास्त्रात या प्रकारच्या स्मरणाला भविष्यलक्ष्यी स्मृती म्हणतात. काल काय घडले ते आठवणे निराळे आणि पुढे अमुक वेळी अमुक करायचे आहे हे वेळेवर आठवणे निराळे. गिलेस आइन्स्टाइन (भौतिकशास्त्रज्ञ आइन्स्टाइन नव्हेत) आणि मार्क मॅकडॅनिएल या अमेरिकी संशोधकांनी १९९० पासून या स्मृतीचा पद्धतशीर अभ्यास केला. तिचे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. ‘आठ वाजता’ हा झाला घड्याळाचा आधार. ‘ताट वाढले की’ हा झाला प्रसंगाचा आधार. उतारवयात घड्याळाचा आधार अधिक डळमळतो. प्रसंगाचा आधार त्या मानाने टिकून राहतो, कारण तिथे प्रसंगच आठवण करून देतो. आपल्या घरांतील वडीलधारी माणसे सकाळच्या बातम्या लागल्या की गोळी घेत, चहाच्या कपाशेजारी गोळी काढून ठेवत. त्यांनी हा सिद्धांत न वाचताच अमलात आणला होता, असे म्हणावे लागेल.

म्हातारी माणसे विसरतात आणि तरुण लक्षात ठेवतात, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. डनीज पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये संधिवाताच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांचे वय ३४ ते ८४ होते. गोळ्यांच्या बाटल्यांना झाकण केव्हा उघडले याची नोंद करणारी इलेक्ट्रॉनिक बुचे बसवली होती. सर्वाधिक चुका निघाल्या त्या मध्यमवयीन, कामाच्या रगाड्यात अडकलेल्या रुग्णांच्या. वृद्धांनी सर्वांत कमी चुका केल्या. स्मृतिभ्रंश जडलेल्या व्यक्तीला हे लागू होत नाही, हे उघड आहे. परंतु ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून मोठाल्या अक्षरांचे वेगळे ॲप काढून हात झटकणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात घ्यायला हवा. ज्याला दिवस पुरत नाही त्याला आठवणीची गरज अधिक असते, मग त्याचे वय काहीही असो.

कुरबुरीतून निघालेला शोध

आठवण करून देणारे सर्वांत यशस्वी साधन विजेवर चालत नव्हते आणि ते वृद्धांसाठीही नव्हते. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डेव्हिड वॅग्नर नावाचा एक अभियंता राहत होता. त्याच्या पत्नीने नुकत्याच बाजारात आलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या बाटलीत सुट्या मिळत. ‘आजची घेतलीस का?’ असे हा गृहस्थ रोज विचारी आणि त्यावरून दोघांत कुरबूर होई. शेवटी त्याने एका कागदावर वार लिहिले, प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली आणि तो कागद कपाटावर ठेवला. गोळी जागेवर नसेल तर ती घेतली गेली, इतका सोपा हिशेब. पुढे एके दिवशी वरून काहीतरी पडले आणि गोळ्या विखुरल्या. तेव्हा वॅग्नरने प्लास्टिकच्या चकत्या कातून वारांची फिरती डबी बनवली. १९६२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. वर्षभरातच गर्भनिरोधक गोळ्या गोल डबीतून विकल्या जाऊ लागल्या आणि औषधाच्या वेष्टनावर वार छापण्याची प्रथा रूढ झाली.

या साध्या डबीत जे आहे ते आजच्या पुष्कळ ॲपमध्ये नाही. ती ‘घ्या’ असे ओरडत नाही, ‘घेतली का?’ या प्रश्नाचे उत्तर देते. आजींना नऊ वाजता पडलेला पेच नेमका हाच आहे. गजर बंद करणे आणि गोळी घेणे या दोन भिन्न कृती आहेत. ॲपने त्या एकाच बटणावर आणून ठेवल्या, तर नोंद राहते ती गजराची, गोळीची नव्हे. पुन्हा आपल्याकडचा औषधविक्रेता दहाच्या पाकिटातील चार गोळ्या कात्रीने कापून देतो. त्यात कधी नाव जाते, कधी मुदतीची तारीख. उरलेल्या तुकड्यावरून आजची घेतली की कालची, हे कळण्यास मार्ग नसतो. वारांचे कप्पे असलेली प्लास्टिकची डबी आठवड्यातून एकदा भरून ठेवणे हा उपाय म्हणूनच आजही कालबाह्य झालेला नाही. ॲप आणि डबी यांची सांगड घातली तर दोघांचेही बळ वाढते. ॲपने हाक द्यावी, डबीने साक्ष द्यावी.

कान, डोळे आणि बोटे

हाक कशी द्यावी यालाही शास्त्र आहे. वाढत्या वयात ऐकू येणे कमी होते ते तीव्र, उंच पट्टीच्या आवाजांपासून. मोबाइलचे किंचाळणारे गजर नेमके त्याच पट्टीत असतात. ऑस्ट्रेलियातील डोरोथी ब्रुक आणि सहकाऱ्यांनी धुराची सूचना देणाऱ्या घंटांवर केलेले संशोधन येथे उपयोगी पडते. नेहमीच्या सुमारे ३१०० हर्ट्झच्या घंटेपेक्षा ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीतील, अनेक सूर मिसळलेल्या आवाजाने झोपलेली माणसे अधिक सहज जागी होतात, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे वृद्धांबरोबर लहान मुलांच्या बाबतीतही हेच दिसले. अशक्तांसाठी केलेली सोय सशक्तांनाही कशी फळते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

डोळ्यांचेही तसेच. वयोमानानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते, निळा आणि हिरवा यांतील फरक अंधूक होतो. काही पुरुषांना तर जन्मापासूनच तांबडा-हिरवा नीट ओळखता येत नाही. म्हणून केवळ रंगावर भिस्त ठेवणारे बटण हे अर्धेच बटण होय. त्यावर शब्द हवा, खूण हवी आणि दोन्ही बटणांच्या जागेत ठळक अंतर हवे. कोरड्या पडलेल्या बोटांचा स्पर्श मोबाइलच्या काचेला अनेकदा कळत नाही. कंपवाताच्या रुग्णाचे बोट एकाऐवजी दोनदा टेकते. बोट सरकवून गजर बंद करा, ही युक्ती रेखाटणाऱ्याचे वय बहुधा पंचविशीतले असावे.

आणि भाषा! अनेक ॲपमध्ये मराठी निवडता येते. पण ती मराठी वाचून औषधापेक्षा भाषांतराचाच त्रास अधिक होतो. ‘आपला डोस अनुसूचित करा’ असे कोणती आजी म्हणते? डॉक्टर चिठ्ठीवर १-०-१ असे लिहितात आणि ते निरक्षर माणसालाही समजते. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. ही खूण सोडून ॲप ‘दर बारा तासांनी’ असे विचारते. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजीसाठी आखलेल्या अरुंद ओळीत अक्षरे मोठी केली की नेमक्या त्याच खुणा कापल्या जातात. यापेक्षा नातीच्या आवाजातील ‘आजी, जेवायच्या आधीची गोळी घे गं’ हे एक ध्वनिमुद्रण शतपटीने बरे. ही सोय अवघड नाही. ती हवी असे कोणाला वाटले पाहिजे, इतकेच.

गोळीचे छायाचित्र दाखवणे हाही चांगला मार्ग आहे, पण त्यात एक मेख आहे. तेच औषध दुसऱ्या कंपनीचे मिळाले की रंग आणि आकार बदलतो. फिटच्या रुग्णांबाबत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गोळीचा रंग बदलणे आणि औषध खंडित होणे यांचा संबंध आढळला होता. तेव्हा नवे पाकीट आणले की छायाचित्र बदलण्याची आठवणही ॲपनेच करायला हवी.

सर्वांत गंभीर चूक होते ती वेळेच्या मांडणीत. औषध म्हणजे रोजचे, असे गृहीत धरून जे साधन बनवले जाते ते प्रसंगी जीवावर बेतू शकते. संधिवात आणि सोरायसिस यांवर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये यासाठी खास उपाय जाहीर केले. या गोळ्या बाटलीऐवजी पाकिटातून द्याव्यात आणि रुग्णाजवळ ‘आठवड्यातून एकदा’ असे बजावणारे कार्ड असावे, असे त्यांत होते. अशा औषधाचे नाव घालताच ‘कोणत्या वारी?’ असे न विचारता मुकाट्याने रोजचा गजर लावून देणारे ॲप हे साधन नव्हे, संकट आहे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि तिच्यात व कॅल्शियमच्या गोळीत सुमारे चार तासांचे अंतर ठेवायचे, हेही ज्याला सांगावे लागते, ते साधन अजून कच्चेच म्हणायचे. आणि गोळी चुकली तर काय? दुप्पट घेऊन भरपाई करू नये, हे सर्वसाधारण पथ्य. पण प्रत्येक औषधाचे नियम निराळे असल्याने ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घेणे आणि तेच शब्द पडद्यावर येणे इष्ट.

कोणाला कळावे, कोणाला नको

आता नातीकडे वळू. तिला मोठे अक्षर नको, मोठा आवाज नको. तिला हवी आहे आड. क्षयाची, मनोविकाराची, एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांची अडचण याहूनही बिकट. बंद पडद्यावर औषधाचे नाव न दाखवणे, ‘घरी फोन कर’ असे स्वतःच्या पसंतीचे वाक्य तिथे लिहू देणे, आवाजाऐवजी मनगटावर हलका कंप देणे, या सोयी पहिल्याच पानावर असाव्यात. सात दारांआड दडवलेल्या नसाव्यात. येथेही लाभ एकट्या तरुणांचा नाही. चार पाहुण्यांसमोर औषधाचे नाव मोठ्याने पुकारलेले आजींना तरी कुठे आवडते?

केनियातील दोन प्रयोग या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात एचआयव्हीच्या ५३८ रुग्णांचा समावेश होता. त्यांतील एका गटाला आठवड्यातून एकदा स्वाहिली भाषेत एक शब्दाचा एसएमएस जाई, ‘मांबो?’ म्हणजे ‘कसे आहात?’ त्यात औषधाचा उल्लेखही नसे. ‘सावा’, म्हणजे ठीक, किंवा ‘शिदा’, म्हणजे अडचण आहे, असे उत्तर द्यायचे. अडचण कळवणाऱ्याला, तसेच उत्तरच न देणाऱ्याला, दवाखान्यातून फोन येई. या गटात औषधे नीट घेतल्याचे ६२ टक्के रुग्णांनी सांगितले, तर एसएमएस न मिळालेल्या गटात ५० टक्क्यांनी. दुसरा प्रयोग २०११ चा. त्यात काहींना रोज, तर काहींना आठवड्याला एसएमएस पाठवले गेले. आठवड्याच्या एसएमएसचा उपयोग झाला. रोजच्याचा झाला नाही. रोज तीच हाक ऐकली की कान ती ऐकेनासा होतो, हे शाळेच्या घंटेपासून सर्वांना माहीत आहे.

याच्या उलट बाजूचा पुरावाही मोठा आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५३ हजारांहून अधिक लोकांना टपालाने स्वस्त साधने पाठवण्यात आली. कोणाला कप्प्यांची डबी, कोणाला घड्याळाचे बूच, कोणाला बाटलीवर चिकटवायची खुणांची पट्टी. औषधे घेण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. डबीचे गुणगान करून झाल्यावर हे सांगणे थोडे अडचणीचे आहे, पण अर्थ स्पष्ट आहे. न मागता दारात येऊन पडलेली वस्तू आणि स्वतःच्या दिवसक्रमात स्वतःच्या हाताने बसवलेली वस्तू, यांत फरक असतो. डबी भरायला कोणीतरी शेजारी बसावे लागते.

भारतातही एक कल्पक प्रयोग झाला आहे. ‘९९ डॉट्स’ या पद्धतीत क्षयाच्या गोळ्यांच्या पाकिटाला एक जादा कागदी वेष्टन असते. गोळी काढली की तिच्यामागे दडलेला फोन क्रमांक दिसतो आणि रुग्णाने त्यावर बिनखर्चाचा फोन करायचा. ॲप नको, स्मार्टफोन नको, वाचताही फारसे यायला नको. मिस्ड कॉलची आपली जुनी सवय येथे कामी आली. बिल थीस यांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये विकसित केलेली ही पद्धत पुढे देशाच्या क्षयरोग कार्यक्रमातही वापरली गेली. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फोनची नोंद आणि लघवीच्या चाचणीतून दिसणारे वास्तव यांत बरीच तफावत आढळली. गोळी घेऊन फोन न करणारे होते, तसेच फोन करूनही गोळी न घेणारे होते. कोणी आपल्यावर नजर ठेवत आहे असे वाटले, की माणूस नजर चुकवायला शिकतो.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मुलगा पुण्यात किंवा परदेशात, आईवडील गावी. आईने गोळी चुकवली की मुलाच्या मोबाइलवर सूचना, अशी सोय अनेक ॲप अभिमानाने मिरवतात. मुलाचा हेतू चांगलाच असतो. पण ऐन दुपारच्या झोपेत ‘आई, गोळी का नाही घेतलीस?’ असे फोन येऊ लागले, की आई ॲपमध्ये ‘घेतली’ दाबून मोकळी होते. वॅग्नरच्या घरातली कुरबूर साठ वर्षांनी व्हॉट्सॲपवर सुरू होते. कोणती चूक कोणाला, किती वेळाने कळवायची, हे औषध घेणाऱ्याने ठरवावे आणि त्याला ते केव्हाही बदलता यावे. रात्रीची एक गोळी तासभर उशिरा झाली तर कोणालाच कळवू नये. इन्सुलिन सलग दोनदा चुकले तर मुलाला कळवावे. अशी वाटाघाट आईशी बसून करावी लागते, तिच्या मोबाइलमध्ये परस्पर करून चालत नाही.

डोंबिवलीच्या घरात ही वाटाघाट एका रविवारी झाली. नातीच्या पडद्यावर आता आठ वाजता फक्त ‘डबा भरला?’ असे येते. आजींचा मोबाइल नातीच्या आवाजात बोलतो आणि वारांची डबी ताटाळ्याच्या शेजारी, जेवणाचे ताट काढताना हात लागेल अशा जागी आहे. संकष्टीचे मात्र जमेना. त्या दिवशी जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे कधी नऊ वाजता तर कधी दहाच्याही सुमारास. जेवणाआधीची गोळी आठलाच घेतली आणि पोटात काही नसले, तर साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. ॲपमध्ये आठवड्याचे वार आहेत, महिन्याच्या तारखा आहेत. चतुर्थीला जागा नाही. आजींनी डॉक्टरांना विचारून उपासाच्या दिवसाचा नियम चिठ्ठीवर लिहून घेतला. मग भिंतीवरचे कालनिर्णय उतरवून प्रत्येक संकष्टीच्या चौकटीत, चंद्रोदयाच्या वेळेशेजारी, पेन्सिलीने एक छोटा गोल काढला. त्या दिवसापुरता आठचा गजर नात सकाळीच बंद करून जाते.